शुश्रूषागृहातले वृद्ध आणि लघवीवरचा ताबा : एक आढावा

शुश्रूषागृहात कायमच्या राहणाऱ्या वृद्धांपैकी निम्म्याहून अधिक जणांना लघवीवर पुरता ताबा ठेवता येत नाही. अमेरिका, कॅनडा, युरोप, जिथे जिथे मोजणी झाली तिथे आकडा कमी-अधिक फरकाने असाच आला आहे. स्मृतिभ्रंशाचे रहिवासी जास्त असतील तिथे तो आणखी वर जातो. घरी राहणाऱ्या त्याच वयाच्या माणसांत हे प्रमाण बरेच कमी असते. घरच्यांना लघवीचे आवरेनासे होते म्हणून पुष्कळ वृद्ध संस्थेत येतात, आणि संस्थेत आल्यावर काहींचा उरलासुरला ताबाही सुटतो. या दोन्ही वाटा त्या एका आकड्यात मिसळलेल्या आहेत. किती ओल शरीराच्या बिघाडामुळे आणि किती वेळेवर मदतीचा हात न मिळाल्यामुळे, हा गेल्या कित्येक दशकांतला या क्षेत्रातला मूळ वाद आहे. त्याचा इथे आढावा घ्यायचा आहे. शुश्रूषागृह म्हणजे इथे अर्थातच प्रसूतीचे किंवा शस्त्रक्रियेचे छोटे रुग्णालय नव्हे. उठणे-बसणे, अंघोळ, जेवण यांसाठी दुसऱ्यावर अवलंबून असलेल्या वृद्धांची निवासी संस्था.

पार्श्वभूमी

१९३५ मध्ये लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयातल्या डॉ. मार्जरी वॉरेन यांच्याकडे शेजारच्या गरीबगृहाच्या इस्पितळातले शेकडो वृद्ध रुग्ण सोपवले गेले. वर्षानुवर्षे खाटेवर पडून राहिलेली ही माणसे. अनेकांचा मलमूत्रावर ताबा नव्हता. वॉरेन यांनी एकेकाला तपासले, निदान लिहिले, उठवून बसवले, चालायला लावले. असाध्य म्हणून ठेवलेल्यांपैकी बरेच जण घरी परतले. खाटेवर पडून राहणे हेच ताबा जाण्याचे एक कारण असू शकते, ही गोष्ट त्यातून पहिल्यांदा ठसठशीतपणे पुढे आली. १९५१ मध्ये जॉन ब्रॉकलहर्स्ट यांनी वृद्धांच्या या तक्रारीवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. १९६२ मध्ये परिचारिका डोरीन नॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयातल्या वृद्धांच्या शुश्रूषेचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून आलेली शय्याव्रणांचा धोका मोजण्याची नॉर्टन श्रेणी आजही वापरात आहे, आणि तिच्या पाच निकषांपैकी एक मलमूत्रावरचा ताबा हा आहे. पुढे बर्नार्ड आयझॅक्स यांनी वार्धक्याचे जे चार महाकाय शत्रू सांगितले, त्यांत हालचाल थांबणे, तोल जाणे आणि बुद्धी मंदावणे यांच्या जोडीला ताबा जाणे होते.

ब्रिटनमध्ये हा विषय वृद्धवैद्यकाच्या हाती वाढला, तर अमेरिकेत तो कायद्याच्या अंगाने पुढे गेला. १९६५ मध्ये मेडिकेअर आणि मेडिकेड या योजना आल्यावर शुश्रूषागृहांचा व्यवसाय झपाट्याने फोफावला आणि त्याबरोबर तक्रारीही. १९८६ मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने शुश्रूषागृहांच्या दर्जावर अहवाल दिला. १९८७ मध्ये त्यावर कायदा झाला. ताबा असताना संस्थेत आलेल्या माणसाचा ताबा, वैद्यकीयदृष्ट्या अटळ असल्याखेरीज, तिथे राहून जाता कामा नये आणि सबळ कारणाशिवाय लघवीची नळी घालता कामा नये, अशी अपेक्षा त्या कायद्यातून आलेल्या नियमांत आहे. प्रत्येक रहिवाशाचा एक ठरावीक तक्ता भरणे सक्तीचे झाले आणि त्यात मूत्राशयाचा रकाना आला. पाठोपाठ १९८८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थेने या विषयावर तज्ज्ञांची सहमती परिषद भरवली. ही तक्रार वार्धक्याचा अपरिहार्य भाग नाही, तिचे निदान आणि उपचार होऊ शकतात, असा तिचा निर्वाळा होता.

कारणांचा गुंता

नील रेस्निक आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये बोस्टन परिसरातल्या संस्थेतल्या वृद्धांच्या मूत्राशयाच्या दाबाची प्रत्यक्ष तपासणी करून जे मांडले, त्यावर आजचे बरेचसे ज्ञान उभे आहे. सुमारे ६१ टक्के जणांत मूत्राशयाचा स्नायू अवेळी आकुंचन पावत होता, म्हणजे जागेपर्यंत पोचण्याआधीच घाई होऊन लघवी सुटत होती. त्यांतल्या जवळपास निम्म्यांत तोच स्नायू दुबळाही होता : घाई तर होते, पण पिशवी पुरती रिकामी होत नाही. अशा माणसाला घाई कमी करणारे औषध दिले तर लघवी तुंबण्याचा धोका वाढतो. उरलेल्यांत खोकताना-उठताना गळणारी, प्रोस्टेटमुळे अडून थेंबथेंब सुटणारी असे इतर प्रकार.

पण रेस्निक यांचे नाव घेतले जाते ते मुख्यतः तात्पुरत्या कारणांच्या यादीसाठी. अचानक आलेला गोंधळ, मूत्रसंसर्ग, रजोनिवृत्तीनंतर योनीमार्गाची त्वचा कोरडी पडणे, औषधे, नैराश्य, लघवी जास्त होणे (वाढलेली साखर किंवा पायावरची सूज रात्री उतरणे), चालता न येणे आणि शौचाचा खडा अडकणे. यांतले प्रत्येक कारण सुधारता येते. शेवटचे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण ते सर्वांत सोपे आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. आठवडाभर पोट साफ न झालेल्या आजींचे मलाशय भरून मूत्राशयावर दाब पडतो, लघवी सुटू लागते आणि उपाय म्हणून त्यांना डायपर लागतो. शौचाकडे कोणाचे लक्षच जात नाही. सकाळची लघवी वाढवणारी गोळी दुपारी उशिरा दिली जाते तेव्हाही असेच होते. रात्रभर ओले होते आणि दोष वयाला दिला जातो.

याखेरीज एक मोठा गट आहे तो मूत्राशय ठीकठाक असूनही ओल्या राहणाऱ्यांचा. खुर्चीतून एकट्याने उठता येत नाही, शौचालय लांब आहे, नाडीची गाठ थरथरत्या बोटांना सुटत नाही, चष्मा हरवला आहे, किंवा स्मृतिभ्रंशामुळे जायचे कुठे हेच कळत नाही. अभ्यासक याला कार्यात्मक कारण म्हणतात. शुश्रूषागृहांत अशी कारणे शरीरातल्या बिघाडावर जवळजवळ नेहमीच स्वार झालेली असतात, त्यामुळे एकाच माणसात दोन्ही वेगळी करणे अवघड जाते. आणि कोणावर किती भर द्यायचा यावरूनच पुढच्या भूमिका वेगळ्या होतात.

पहिली भूमिका : वेळेवर नेले तर कोरडे राहता येते

जॉन श्नेल आणि जोसेफ औस्लँडर ही या भूमिकेतली दोन मोठी नावे. त्यांची आठवण देऊन लघवीला नेण्याची पद्धत वरवर अगदी साधी दिसते, म्हणून ती नेमकी कशी चालते हे पाहण्यासारखे आहे. दिवसा दर दोन तासांनी सेविका रहिवाशाजवळ जाते. नावाने हाक मारते. आधी विचारते, कपडे कोरडे आहेत की ओले? उत्तर आले की स्वतः हात लावून पाहते आणि उत्तर बरोबर होते का ते सांगते. मग विचारते, लघवीला जायचे का? नकार आला तर पुन्हा, पण जास्तीत जास्त तीनदाच, जबरदस्ती नाही. होकार आला तर हाताला धरून नेते, थांबते, परत आणून बसवते, कोरडे राहिल्याबद्दल कौतुकाचे दोन शब्द बोलते. निघताना पाण्याचा पेला पुढे करते आणि पुन्हा कधी येणार ते सांगते. यात माणसाला स्वतःच्या शरीराची खबर परत घ्यायला शिकवणे आहे आणि नकाराचा मानही आहे.

१९९५ मध्ये औस्लँडर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ताबा सुटलेल्या रहिवाशांपैकी सुमारे ४० टक्के या पद्धतीला चांगला प्रतिसाद देतात आणि कोण देईल हे पहिल्या तीन दिवसांच्या प्रयोगातच बऱ्यापैकी कळते. त्यात स्मृतिभ्रंश असलेलेही होते, आणि ही बाब फार मोलाची होती. पुढे २००२ मध्ये श्नेल यांच्या गटाने दर दोन तासांच्या फेरीला थोडा व्यायाम जोडला : उठ-बस, काही पावले चालणे, पाणी. आठ महिने चाललेल्या त्या चाचणीत ओलेपणा कमी झाला, ताकद आणि चालणे टिकले. पण आजारपणावरचा खर्च त्यामुळे कमी होतो असे मात्र दिसले नाही. ही गोष्ट नंतरच्या वादात निर्णायक ठरली, कारण वाचलेल्या पैशातून जादा मनुष्यबळाचा खर्च निघेल अशी आशा अनेकांनी बाळगली होती.

वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन समूहाने या पद्धतीच्या नऊ चाचण्यांचा, एकूण ६७४ वृद्धांचा आढावा घेतला. निष्कर्ष सावध होता : थोड्या काळासाठी फायदा दिसतो, दीर्घ काळाबद्दल पुरावा अपुरा आहे. संशोधक निघून गेले की फेऱ्या थांबतात हे अनेक ठिकाणी दिसून आले. रात्रीच्या फेऱ्यांनी तर फारसे काही साधलेच नाही. उलट १९९३ च्या एका अभ्यासात श्नेल यांनीच दाखवले की रात्री दिवे लावून, आवाज करत केलेली कपडे-बदली रहिवाशांची झोप मोडते. म्हणून आज बहुतेक तज्ज्ञ रात्रीसाठी सरसकट वेळापत्रकाऐवजी माणूस जागा असेल तेव्हाच मदत करण्याचा सल्ला देतात.

दुसरी भूमिका : ओल सांभाळणे हेही उपचारच

या भूमिकेचे लोक म्हणतात की अतिशय दुबळ्या, पुढे गेलेल्या स्मृतिभ्रंशाच्या किंवा आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यावरच्या माणसाला दर दोन तासांनी उठवणे हा त्याच्यावरच अन्याय आहे. अशांना चांगल्या प्रतीचा डायपर, वेळेवर बदल, कोरडी त्वचा आणि वास नसलेली खोली मिळाली तर ते समाधानाने राहू शकतात. डेव्हिड फोंडा आणि पॉल एब्रॅम्स यांनी यासाठी एक मांडणी केली, जी आता बरीच मान्य आहे. स्वतःच्या बळावर कोरडे, दुसऱ्याच्या मदतीने कोरडे, आणि साधनांनी सांभाळलेले ओलेपण, या तिन्ही स्थिती उपचाराचे यश मानता येतात. सगळ्यांना पहिल्या पायरीवर आणणे हे ध्येयच चुकीचे आहे, असा तिचा अर्थ.

२००१ मध्ये वृद्धांना, त्यांच्या नातेवाइकांना आणि परिचारिकांना निरनिराळ्या उपायांची निवड विचारली गेली, आणि निकाल अनेकांना चकित करणारा होता. वृद्ध आणि नातेवाईक डायपरकडे जास्त झुकले, तर परिचारिका आठवण देऊन नेण्याच्या पद्धतीकडे. वृद्धांना दर दोन तासांनी कोणी येऊन विचारणे लाजिरवाणे वाटत होते, परावलंबन वाढवणारे वाटत होते. यावर पहिल्या भूमिकेचे उत्तर असे की न मिळालेल्या गोष्टीची निवड माणूस करणार कशी. ज्याला वेळेवर हात मिळाल्याचा अनुभवच नाही त्याला डायपर सोयीचा वाटणारच. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे असे मला वाटते. या विषयात तज्ज्ञांचे चांगले आणि राहणाऱ्याचे चांगले नेहमी एकच नसते, हे मात्र त्या पाहणीने कायमचे नोंदवून ठेवले.

साधनांच्या बाबतीत इंग्लंडमध्ये मँडी फेडर यांच्या गटाचे काम महत्त्वाचे आहे. स्त्रिया आणि पुरुष, दिवस आणि रात्र, उभे राहू शकणारे आणि न राहू शकणारे, यांना निरनिराळे नमुने योग्य ठरतात, आणि सगळ्यांसाठी एकच डायपर घाऊक घेण्यापेक्षा मिश्र साठा ठेवणे सोयीचे व फायद्याचेही पडते, असे त्यांच्या अभ्यासातून पुढे आले. लघवीची कायमची नळी मात्र दोन्ही भूमिकांना नको आहे. नळी असेपर्यंत दर दिवशी ३ ते ७ टक्के अशा वेगाने लघवीत जंतू साठत जातात. तुंबलेली लघवी, न भरणारे खोल व्रण किंवा अखेरचे दिवस, एवढीच तिची कारणे सर्वसाधारणपणे मान्य आहेत.

औषधे आणि यंत्रे

मूत्राशयाची घाई कमी करणारी जुनी औषधे, ऑक्सिब्युटिनिन वगैरे, शुश्रूषागृहांत फारशी उपयोगी पडलेली नाहीत. वेळेवर नेण्याच्या पद्धतीला त्यांची जोड दिली तरी भर थोडीच पडली. तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठता आणि बुद्धीवर परिणाम हे त्यांचे उघड तोटे. २०१५ मध्ये सिएटलमधल्या सुमारे साडेतीन हजार वृद्धांच्या अभ्यासात या वर्गातल्या औषधांचा दीर्घ वापर आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध दिसला. तो कारण-परिणामाचा आहे की नाही हे अजून ठरलेले नाही, पण तेव्हापासून डॉक्टरांचा हात आखडला. त्याहून चिंतेची गोष्ट म्हणजे औषधांची साखळी. स्मृतिभ्रंशासाठी दिलेल्या गोळीने लघवीची घाई वाढते, ती थांबवायला दुसरी गोळी येते आणि ती पहिलीचाच परिणाम पुसते. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये २००५ मध्ये आणि नंतर अमेरिकेतल्या शुश्रूषागृहांत हे नोंदले गेले. मिराबेग्रॉनसारखे नवे औषध बुद्धीला कमी त्रासदायक मानले जाते, पण शुश्रूषागृहातल्या अतिदुबळ्या माणसांवर त्याचा पुरावा तुटपुंजा आहे.

मूत्रसंसर्गाबद्दल एक गैरसमज जगभर आहे. संस्थेतल्या स्त्रियांपैकी पाव ते निम्म्या जणींच्या लघवीत काही तक्रार नसतानाही जंतू सापडतात. ते मारल्याने जुनी गळती थांबत नाही, हे १९९५ मध्येच चाचणीने सिद्ध झाले. तरीही लघवीला वास आला की तपासणी आणि तपासणीवरून प्रतिजैविक, हा क्रम चालूच आहे.

घोट्याजवळच्या नसेला त्वचेवरून सौम्य विद्युतप्रवाह देण्याचा उपाय आशादायक वाटत होता. ब्रिटनमध्ये ४०६ रहिवाशांवर झालेली मोठी चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. उपाय निरुपयोगी ठरला. असा स्वच्छ नकारही या क्षेत्राला हवाच होता.

मनुष्यबळ, नोंदी आणि नियम

वादाचे वजन गेल्या वीस वर्षांत इथे सरकले आहे. श्नेल यांनी २००३ मध्ये अमेरिकेच्या सरकारी गुणदर्शकांची पारख केली. ज्या संस्थांची आकडेवारी चांगली आणि ज्यांची वाईट, त्यांच्या प्रत्यक्ष सेवेत फरक दिसला नाही. उत्तर देण्याइतपत शुद्धीत असलेल्या रहिवाशांनी सांगितले की त्यांना दिवसाकाठी सरासरी दोनपेक्षाही कमी वेळा लघवीला नेले जाते. कागदावर दर दोन तासांची टिकमार्क आणि खुर्चीत ओला माणूस, ही तफावत संशोधकांना वारंवार आढळली आहे. तिचा दोष मी सेविकांना देणार नाही. एकेका पाळीत दहा-बारा जण ज्या सेविकेच्या वाट्याला आहेत, तिने दर दोन तासांनी प्रत्येकाला नेऊन आणायचे म्हटले तर भरवणे, अंघोळ आणि कूस बदलणे कधी करायचे? कपडे बदलण्यापेक्षा शौचालयापर्यंत नेऊन आणायला वेळ कितीतरी जास्त लागतो.

म्हणून भांडण तासांवर आले. २००१ मध्ये अमेरिकेच्या सरकारी अहवालाने दर रहिवाशामागे दिवसाला २.८ तास साहाय्यक सेविकांचे लागतील असा अंदाज मांडला. २०२४ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने एकूण ३.४८ तास आणि त्यांतले २.४५ साहाय्यकांचे, असा किमान नियम काढला. चालकांच्या संघटनांचे म्हणणे असे की माणसेच मिळत नाहीत, विशेषतः खेड्यांत, आणि नियमाने संस्था बंद पडतील. कामगार संघटना आणि रहिवाशांच्या बाजूचे लोक म्हणतात की माणसे मिळत नाहीत ती पगारामुळे. एप्रिल २०२५ मध्ये टेक्सासच्या संघीय न्यायालयाने नियम रद्द ठरवला आणि जुलैमधल्या कायद्याने त्याची अंमलबजावणी २०३४ पर्यंत पुढे ढकलली. ऑस्ट्रेलिया याच काळात उलट दिशेने गेला. तिथल्या राजआयोगाच्या २०१९ च्या अंतरिम अहवालाचे नावच ‘दुर्लक्ष’ असे होते आणि मलमूत्रात बसवून ठेवलेल्या वृद्धांच्या तक्रारी त्यात होत्या. त्यानंतर तिथे दर रहिवाशामागे दिवसाला सरासरी २०० मिनिटांची सेवा सक्तीची झाली. ऑक्टोबर २०२४ पासून ती २१५ मिनिटे आहे. या दोन देशांची पुढच्या दहा वर्षांची तुलना हाच कदाचित या प्रश्नावरचा सर्वांत मोठा प्रयोग ठरेल.

जपानची वाट

जपानमध्ये २००० साली दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा सुरू झाला. प्राध्यापक ताकाहितो ताकेउची यांच्या प्रेरणेने तिथल्या अनेक विशेष वृद्धनिवासांनी दिवसा डायपर पूर्ण बंद करण्याचे ठरवले. रोज सुमारे दीड लिटर पाणी, पोटभर नेहमीचे जेवण, चालणे आणि ठरलेल्या वेळी शौचकूपावर बसून शौच, ही त्यांची चार सूत्रे. त्यांचा रोख लघवीपेक्षाही शौचावर आहे, हे रेस्निक यांच्या यादीशी जुळते. पुष्कळ संस्थांनी ‘शून्य डायपर’ साधल्याचे जाहीर केले. टीकाही झाली : हृदयविकाराच्या माणसाला एवढे पाणी, उभे न राहू शकणाऱ्याला धरून चालवणे, आणि शून्याच्या हट्टापायी रहिवाशाच्या इच्छेकडे काणाडोळा. सरकारने मधला मार्ग घेतला. २०१८ पासून शौच-लघवीसाठी नियोजनपूर्वक मदत करणाऱ्या संस्थांना विम्यातून जादा मोबदला मिळतो. पोटावर लावून मूत्राशय भरल्याची सूचना देणारे ‘डीफ्री’सारखे छोटे यंत्रही २०२२ पासून विम्याच्या कक्षेत आले. यंत्र सूचना देते, पण पुढे नेणारा माणूस लागतोच; त्यामुळे त्याची खरी उपयुक्तता माणसे किती आहेत यावर ठरते.

आपल्याकडे

२०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेले १० कोटींहून अधिक होते. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालानुसार २०५० पर्यंत दर पाच भारतीयांत एक जण या वयाचा असेल. महाराष्ट्रात १९९५ मध्ये मातोश्री वृद्धाश्रम योजना सुरू झाली. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान १५० जणांचा वृद्धाश्रम असावा अशी तरतूद आहे. पण आपल्या वृद्धाश्रमांची कल्पना मुळात चालत्या-फिरत्या माणसासाठी आहे. ‘स्वतःची कामे स्वतः करू शकणाऱ्यांनाच प्रवेश’ ही अट अनेक ठिकाणी दिसते, आणि ताबा सुटला की नातेवाइकांना बोलावून घ्या असा निरोप जातो. मग वाट उरते ती शहरांतल्या खासगी शुश्रूषा केंद्रांची. तिथे महिन्याच्या शुल्कात डायपर धरलेला नसतो, तो घरच्यांनी आणून द्यायचा असतो, आणि मोजून दिलेले डायपर मोजूनच वापरले जातात.

या केंद्रांचा सगळा भार मावशी आणि मामा यांच्यावर असतो. रात्रपाळीत एकच मावशी दहा-पंधरा जणांना पाहते. तिथली एक गोष्ट मला सर्वांत जास्त खुपते. संध्याकाळी चार-पाचनंतर आजी पाणी पीतच नाहीत. रात्री मावशीला हाक मारावी लागू नये, आणि मारली तर तिच्या कपाळावर आठी दिसू नये, म्हणून. त्यातून बद्धकोष्ठता, दाट लघवी, संसर्ग, गोंधळ, आणि शेवटी ज्याची धास्ती होती तेच होते. याला औषध नाही. रात्रीच्या वेळी आणखी दोन हात एवढाच इलाज आहे. बसके शौचालय, नीट न वाकणारे गुडघे, उंबरठा, अरुंद दार आणि ओली फरशी यांचाही हिशेब आपल्याकडे वेगळा करावा लागतो. पकडायला कठडा आणि खाटेजवळ कमोडची खुर्ची यांवर होणारा खर्च डायपरच्या काही महिन्यांच्या खर्चाहून जास्त नसतो.

नियमनाच्या बाजूने पाहिले तर वृद्धांच्या निवासी केंद्रांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारे, २००७ च्याच कायद्याचे दुरुस्ती विधेयक २०१९ च्या डिसेंबरमध्ये लोकसभेत आले, पण ती लोकसभा २०२४ मध्ये संपली तेव्हा तेही संपले. डायपरवरचा वस्तू व सेवा कर सप्टेंबर २०२५ मध्ये १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. सॅनिटरी नॅपकिनवरचा २०१८ मध्येच पूर्ण माफ झाला आहे. वापरलेल्या डायपरचे काय करायचे याचा विचार पुण्यात स्वच्छ संस्थेच्या कचरावेचक भगिनींनी ते वेगळे गुंडाळून वर लाल ठिपका काढण्याच्या मोहिमेतून सुरू केला. वृद्धांची केंद्रे त्यात अजून यायची आहेत.

काय सुटलेले नाही

दिवसा वेळेवर नेल्याने ताबा सुटलेल्यांपैकी निम्म्याहून थोडे कमी रहिवासी बऱ्याच प्रमाणात कोरडे राहू शकतात, हे आता वादातीत आहे. पण हे वर्षानुवर्षे, संशोधकांच्या देखरेखीविना टिकते का, याचे भक्कम उत्तर नाही. रात्रीचे काय, हा प्रश्न तसाच आहे : झोप राखायची की त्वचा? तीव्र स्मृतिभ्रंशात नकार म्हणजे नकारच धरायचा की काही वेळाने पुन्हा विचारायचे, आणि अंगाला हात लावण्याची संमती कोणाची मानायची, यावर परिचारिका, नातेवाईक आणि कायदेतज्ज्ञ यांचे एकमत नाही. चाचण्यांत पुरुष फार थोडे आहेत. यश मोजायचे कशाने, हाही मतभेद आहे : ओल्या तपासण्यांची टक्केवारी, शय्याव्रणे, पडझड, की माणसाला वाटलेला मान? मोजायला सोपे ते मोजले गेले, आणि मान मागे राहिला. खर्चाचा हिशेब तर अजून कोणी नीट मांडलेलाच नाही, कारण घरी सुनेने किंवा मुलीने रात्रभर काढलेल्या कामाला कोणत्याच तक्त्यात रकाना नाही.

तोवर ज्यांच्या आई-वडिलांसाठी केंद्र शोधणे चालू आहे त्यांनी खोली आणि जेवण पाहण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : रात्रपाळीत एका मावशीकडे किती जण असतात, डायपर लावण्याआधी तीन दिवस लघवीच्या वेळा लिहून पाहिल्या जातात का, आणि गेल्या आठवड्यात पोट कोणाचे साफ झाले याची वही आहे का. वही असेल तर ती उघडून दाखवायला सांगावे.